चूलझाकीचा निरोप

खालापूर, १२ एप्रिल २०२५

धाऊ,

रामराम लिहू की सलाम, या विचारात समोरचा चहा निवला. तू हवा तो घे, दोन्ही मनापासून आहेत.

ईदेला शिरखुर्म्याचा डबा पाठवला होता, तो काल परत आला. घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा. खतीजानं झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाली, "धाऊभाऊ अजून रागातच आहेत." भांडं रिकामं परत करायचं नसतं हे तुझ्या मंगळीनं आम्हाला शिकवलं होतं. बिचारी असती तर चार करवंदं, नाहीतर चिमूटभर मीठ तरी टाकून पाठवलं असतं. तुझ्या रूपालीला विचारलं, शिरखुर्मा कोणी खाल्ला, तर म्हणते पोरांनी. तिची पोरं मला ठाऊक आहेत, खारीक वेचून ताटाच्या कडेला लावतात. डब्याच्या कडेला तर काहीच लागलेलं नव्हतं. माझा संशय तुझ्यावर आहे.

फोन मात्र आता करणार नाही. मागच्या वेळी मी नुसतं "हॅलो" म्हटलं, तर तू म्हणालास, "राँग नंबर हाय, मोहीभाई," आणि ठेवून दिलास. नाव घेऊन राँग नंबर सांगणारा माणूस मी आयुष्यात पहिला पाहिला. म्हणून हे पत्र. रूपाली वाचून दाखवेल. तू फार तर कानांवर हात ठेवशील, पण तुझा एक हात कायम बिडीत गुंतलेला असतो, तेव्हा एक कान मोकळा राहीलच.

रूपाली पोरी, मोठ्यानं वाच. मध्येमध्ये तुझ्याशी बोलेन, तेवढं मात्र मनात वाच.

तर बातमी अशी की मी परत आपल्या गॅसच्या कंपाउंडात जायला लागलोय. हसू नकोस. रिटायर झाल्यावर हातात छत्री आणि बाजाराची पिशवी एवढंच उरलं होतं, तेवढ्यात बोलावणं आलं. कंपनीनं तिथे क्लास उघडलाय. गॅसच्या लाईनीवर, टाक्यांवर, व्हॉल्वांवर काम करणाऱ्यांनी गॅस कुठून निसटतो, किती निसटतो ते मोजायचं आणि मग तो निसटणं कमी करायचं, हा अभ्यास. साजगावच्या कारखान्यांतली माणसं आहेत, मोहोपाड्याची आहेत, काही आपल्याच लाईनीवरची. शिकवायला इक्रा मॅडम आहेत, महाडकडच्या, आपल्या रूपालीहून लहान. मी त्यांचा मदतनीस. कुठला पाईप कुठे वळतो, कुठल्या नटाची काय खोड आहे, हे सांगायला त्यांना जुनं खोड हवं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "चाचा, तुमच्या वेळी गळती कशी शोधायचात?" मी म्हटलं, "साबणाचा फेस, आणि कान." त्या म्हणाल्या, "दोन्ही बरोबर. फेस आला की गळती आहे हे कळतं. पण किती?" किती, हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. बसलो मग बाकावर, पोरांच्या रांगेत.

हा गॅस डोळ्यांना दिसत नाही, पण वर गेला की पृथ्वीवर जाड गोधडीसारखा पसरतो आणि उष्मा वाढवतो, असं मॅडम सांगतात. एप्रिलातच अंगाचं पाणी होतंय, तेव्हा विश्वास ठेवायला जड गेलं नाही.

आणि धाऊ, पाईप फुंकणं बंद झालं बघ. आता दुरुस्तीला लाईन रिकामी करायची तर आधी वरून येणारा गॅस अडवतात, मधला साजगावच्या कारखान्यांना वापरू देतात, राहिलेला पंपानं पुढच्या लाईनीत ढकलतात. हवेत जातो तो एखादा उसासा. चांगलंच आहे. पण पाईप फुंकायचा नाही, म्हणजे चूलझाकही नाही.

रूपालीची पोरं जवळ बसली असतील तर त्यांना सांगतो. पोरांनो, जमिनीखालून जाणारी गॅसची मोठी लाईन तुमच्या आजाच्या वाडीखाली, डोंगराच्या पायथ्याला डोकं वर काढते. तिथे आमचं कंपाउंड. मी आत व्हॉल्व फिरवायचो, तुमचा आजा बाहेर लाईनीवरून चालायचा. कुणी तिच्यावर खणत तर नाही ना, माती वाहून तर गेली नाही ना, ते बघत. हातात काठी, काठीला लोखंडी कडी. दर साल पावसाळ्याआधी दुरुस्तीसाठी लाईनीतला गॅस उंच पाईपातून हवेत सोडून द्यायचो. काय तो आवाज! डोंगर गर्जल्यासारखा. त्या दिवशी वाडीत ठिणगी नको, म्हणून आदल्या दिवशी तुमचा आजा दारोदार जाऊन उंबऱ्यावर काठी आपटायचा, "उद्या चूल झाका गं! मी सांगेपर्यंत इंगळ नाय!" वाडी निखाऱ्यांवर राख ओढायची. मग खालापूरहून आमच्या घरचं जेवण जायचं, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याचं कालवण. सगळी वाडी, सगळं कंपाउंड आंब्याखाली एका पंगतीला. मंगळी दर वर्षी म्हणायची, "भाभी, कालवन बरं हाय, पर मीठ आमच्या हातचं पायजे," आणि खतीजा दर वर्षी तिला मिठाची वाटी द्यायची. गॅस पांगला की तुमचा आजा आधी आपल्या घरची चूल पेटवायचा. त्याच्या छपरातून धूर दिसला की मगच बाकीच्या चुली. कंपनीत असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी याला सांगायचो, हा वाडीला सांगायचा, बस.

बाकी सगळं ठीक. सुनील दिसतो अधूनमधून. तब्येत बरी आहे त्याची.

रूपाली, हे मनात वाच. तुझा भाऊ क्लासात आहे. वर्गात हुशार आहे. बापाला इतक्यात सांगू नकोस, मी हळूहळू पेरतो.

तुझा,
मोहियुद्दीन


खालापूर, २४ एप्रिल २०२५

धाऊ,

आधी रूपालीशी बोलतो. पोरी, मनात वाच म्हणजे ओठ मिटून वाच. तुझ्या शाळेत हे शिकवलं नव्हतं? म्हणे, "चाचा, ओघात तोंडातून गेलं." गेलं ते गेलं.

तर धाऊ, तुझा निरोप पोचला. सुनीलनं महिन्याअखेर शेलूला यावं, तुझ्या सोसायटीच्या गेटावर तुझ्या जोडीनं वॉचमन म्हणून उभं राहावं, आणि त्या कंपाउंडात पाय टाकलाच तर बाप मेला समजावं. निरोप देताना रूपालीचा आवाज कापत होता. तुझा कापला होता का, ते तिनं सांगितलं नाही.

क्लासात त्याचं नाव मी घातलं. ज्याला शिव्या द्यायच्या त्याचा पत्ता पाकिटावर आहे. साजगावात पत्र्याच्या शेडमध्ये राहून रोजंदारीवर पोती उचलत होता तो. लाईनवाल्याचं पोर, लहानपणी तुझ्या खांद्यावर बसून सगळी लाईन बघितलेलं. मी विचारलं, येतोस का. म्हणाला, "बाबा काय म्हनतील?" मी म्हटलं, बाबाचं मी बघतो. बघतोय आता.

एक गोष्ट सांगतो, मग हवं तर पत्र फाड.

क्लासात एक कॅमेरा आहे. डोळ्यांना न दिसणारा गॅस त्यात धुरासारखा दिसतो. परवा मॅडमनी तो सुनीलच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "फीर कंपाउंडभर." मी मागोमाग. फिरत फिरत तो चिंचेच्या सावलीतल्या पिवळ्या व्हॉल्वापाशी आला. आपला व्हॉल्व, धाऊ. बिडी-काडी गेटाबाहेर ठेवून तू आत यायचास आणि त्याच्या कठड्याला पाठी टेकून आपण खतीजानं भरून दिलेल्या थर्मासातला चहा प्यायचो. तू पायांतले काटे काढायचास आणि सगळ्या लाईनीची खबर द्यायचास. कुणाच्या शेतात वाल चांगला धरलाय, कुठे साप आडवा गेला, कुणाची सून माहेरी निघून आली. कंपनीला यातलं काही नको असायचं. मला हवं असायचं.

सुनील थबकला. म्हणाला, "चाचा, हे बघा." पडद्यावर त्या व्हॉल्वाच्या दांड्यापाशी उदबत्तीसारखी बारीक रेघ वर चढत होती. डोळ्यांनी बघावं तर काही नाही. चिंचेची पानं, ऊन, मैना. पडद्यात बघावं तर धूर. आपण बसायचो त्याच्या अगदी मधोमध. किती वर्षं निघत असेल कुणास ठाऊक, आणि आपण म्हणायचो, काय शुद्ध हवा आहे इथे.

त्यानं आधी दांड्याभोवती पिशवी लावून, ती किती वेळात फुगते त्यावरून किती येतो ते मोजलं. मग मॅडमच्या देखरेखीखाली दांड्याचा नट आवळला, थोडा, मग आणखी थोडा. परत मोजलं. मग कॅमेरा लावला. रेघ नाही. वर्गानं टाळ्या वाजवल्या. सुनील काही टाळ्यांकडे बघेना. कठड्यावर हात फिरवत म्हणाला, "बाबा हितं बसायचे ना?"

मी हो म्हटलं.

"त्यांना हे दावायला पायजे होतं."

एवढंच. मुद्दाम काही घालून लिहीत नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, घातलेल्याचा तुला लगेच वास येतो.

सोळा मे, जुम्म्याच्या दिवशी, परीक्षा आहे. बाहेरची माणसं यंत्रं घेऊन येणार. त्या सकाळी जो नीट मोजून दाखवेल त्याला गळती शोधणाऱ्या टोळीत कायमचं घेणार, सबंध लाईनीवर. म्हणजे चालायचंच, धाऊ. तू चालायचास त्याच वाटेनं, फक्त हातात काठीऐवजी यंत्र. पण तुझा निरोप कळल्यापासून तो म्हणतो, "बाबा हो म्हनले तर बसतो. नायतर शेलू." मी रागावलो, खतीजा रागावली, मॅडमनी समजावलं. मान खाली घालून एकच, "बाबा हो म्हनले तर." कुणावर गेलाय ते सांगायला नको.

माझ्यावरचा राग माझ्यापाशी ठेव. मला तो पेलतो. पोराच्या डोक्यावर देऊ नकोस.

मोहियुद्दीन


खालापूर, ४ मे २०२५

धाऊ,

रूपाली म्हणते मागचं पत्र तू पुरतं ऐकलंस आणि उठून गेटावर गेलास. ना हो म्हणालास, ना नाही. पिवळ्या व्हॉल्वाचा भाग तेवढा परत वाचायला लावलास म्हणे. ते मी कुणाला सांगणार नाही. रूपाली, तूही सांगू नकोस.

आता हसण्यासारखं झालंय ते ऐक, आणि त्यातूनच पेच कसा पडला तेही.

या मोजण्यात एक रीत आहे. कंपाउंडातून किती गॅस जातो हे कळायला आधी वाऱ्याच्या वरच्या अंगाची हवा मोजायची, मग खालच्या अंगाची. दोहोंतला फरक तो आपला. सकाळी वारा डोंगरावरून, वाडीकडून खाली येतो तो एका चालीनं येतो. दुपारी उलटतो आणि दारू प्याल्यासारखा वागतो, म्हणून मोजणं सकाळीच. तर गेल्या आठवड्यात मुलं सराव करत होती. वरच्या अंगाचं यंत्र लावलं, तर पडद्यावरची रेघ एकदम चढली. खाली यावी, परत चढावी. वरच्या अंगाला तर आपलं काहीच नाही! मोहोपाड्याचा एक जण म्हणाला, "जमिनीखाली लाईन फुटलीय." सगळ्यांचे चेहरे उतरले. मीही घाबरलो, खोटं कशाला सांगू. हातातलं छोटं यंत्र पुढे धरून सगळी वरात वाऱ्याच्या तोंडी निघाली. आकडा वाढत वाढत गेला. कुंपणाबाहेर, ओहोळापार, वाडीत, आणि थेट चिंधीच्या पडवीत.

चिंधी म्हातारी चुलीपुढे बसून भाकर थापत होती. बघते तर दारात दहा टोप्या आणि तिच्या चुलीच्या तोंडाशी धरलेलं यंत्र. म्हणाली, "काय रं, जावयासारखे रांगेनं आलात? चुलीत काय गॅस सापडला का तुमचा?"

सुनील म्हणाला, "आजे, हितंच जास्त दावतंय."

"दावंल नाय तर काय! लाकूड ओलं हाय. तुझ्या मशीनच्या डोळ्यात बी पानी आलं असंल."

मॅडम हसून हसून उंबऱ्यावर बसल्या. मग समजावलं. लाकडाच्या धुरातही तोच गॅस थोडा असतो. सकाळी वाडीच्या चुली पेटल्या की वारा तो खाली आणतो आणि यंत्र भाबडं, ते सगळं धरतं. चिंधीनं त्यांना भाकर दिली, आम्हा बाकीच्यांना नुसता धूर.

पण परतताना मॅडमना प्रश्न पडला. परीक्षेच्या सकाळी रेघ अशीच नाचली तर कंपाउंडाचं किती आणि चुलींचं किती, सांगणार कसं? बाहेरची माणसं यंत्रं घेऊन दुसऱ्याच दिवशी गुजरातेत जाणार. दुसरी सकाळ मिळायची नाही. त्या सकाळी वाडीच्या चुली थंड हव्यात.

माझ्या मनात काय आलं ते तुला सांगायला नको.

मॅडम आणि सुनील विनंती करायला वाडीत गेले. बायकामाणसं ऐकून घेतात, मान हलवतात, पण हो म्हणत नाहीत. शेवटी चिंधीच बोलली. "कंपनीचा निरोप व्हय? त्या साली कुठं गेलता निरोप? निरोप देनारा मानूस हुता, त्याला तुमी घालवला. त्याला आना. त्यानं काठी आपटली तर झाकू. नायतर चूल काय बंद व्हायची नाय."

त्या साली. तुला बोलायचं नाही आणि मला पाच वर्षं बोलू दिलं नाहीस, म्हणून आज लिहितो. त्या साली तुम्हा लाईनवाल्यांना कामावरून कमी केलं होतं. मी पनवेलला होतो, डोळ्याच्या ऑपरेशनला, डोळ्यावर पट्टी. लाईनीत बिघाड झाला, वरून फोनवर हुकूम आला, आणि नव्या माणसानं पाईप फुंकला. चूलझाक म्हणतात असं काही असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. मला बातमी कळली ती खतीजाच्या रडण्यातून. वाडीत चुली पेटलेल्या, डोंगर गर्जतोय, बायका पोरं उचलून पळतायत, चिंधी पडली, मनगट मोडलं. आग लागली नाही ही अल्लाची मेहेर. आणि सगळ्या वाडीनं विचारलं, धाऊ, तू का नाही सांगितलंस? तुझ्या शब्दावर त्यांनी इतकी वर्षं चुली झाकल्या होत्या. तुला वाटलं, मला ठाऊक होतं आणि मी निरोप धाडला नाही. मी पट्टी काढून आलो तेव्हा कंपाउंडाच्या गेटाशी तुझी काठी पडलेली होती, आणि तू शेलूला गेला होतास.

मला ठाऊक असतं तर मी एका डोळ्यानं चालत आलो असतो, धाऊ.

चिंधीला परवा मी विचारलं, हात कसा आहे. मनगट फिरवून दाखवलं. म्हणाली, "माझं मोडलं ते सांधलं बी. तुमा दोगांचं काय मोडलंय ते अजून लटकतंय."

तू आलास तर सुनीलला परीक्षेला बसवायलाच आलास असं होईल, हे मला कळतं. न येऊन तुझा शब्द राहील, हेही कळतं. मी ओढून नेणारा नाही. काय ते तू बघ.

मोहियुद्दीन


खालापूर, ११ मे २०२५

धाऊ,

आज लांबण लावत नाही. रूपालीचा फोन आला. म्हणाली, बाबांनी आज जेवताना एकच विचारलं, "माजी काठी कुठं हाय?"

माझ्याकडे आहे. आमच्या दाराच्या मागे उभी आहे. खतीजा केर काढताना दर वेळी ती उचलते आणि परत तिथेच ठेवते. कडी गंजून पडली होती, नवी बसवलीय.

खोपोलीची गाडी कर्जतला बदलावी लागते, विसरला असशील म्हणून लिहितो.

मोहियुद्दीन


खालापूर, १८ मे २०२५

रूपाली पोरी,

हे पत्र तुला. पोरांना मोठ्यानं वाचून दाखव, सगळंच्या सगळं.

बेस्तरवारी, परीक्षेच्या आदल्या दिवशी, ऊन उतरायच्या आत तुझा बाप कंपाउंडाच्या गेटाशी उभा. पांढरा झालाय, वाळलाय, पण उभं राहणं तेच, एक पाय पुढे. मी काठी घेऊन गेलो होतो. पाच वर्षांनी भेटलेला माणूस काय बोलेल याची मनात मोठी तयारी केली होती. त्यानं काठी हातात घेतली, हलवून पाहिली आणि म्हणाला, "कडी बदलली व्हय रं?"

"गंजली होती."

"जुनी कुठंय?"

"घरी असेल."

"ती आन. हिचा आवाज येगळा हाय."

मग माझ्या डोळ्याकडे नीट बघितलं. "कुठला डोळा?" म्हणाला. मी उजवा दाखवला. "आता दिसतंय का?" म्हटलं, दिसतंय. "बरं," म्हणाला, आणि वाडीकडे चालू लागला. आमचं झालं ते एवढंच. तुझी चाची म्हणते, दोन म्हाताऱ्यांना याहून जास्त जमत नाही.

मी मागोमाग गेलो. पहिल्या उंबऱ्यावर काठी आपटली तेव्हा घरातली सून बाहेर आली आणि ओळखीनाच, नवी होती. सासूनं आतून आवाज ओळखला. बघता बघता सगळी वाडी गोळा. चिंधी कमरेवर हात ठेवून दारात. "मेलास म्हून बाराव्याचं जेवान कवाचं पचवून बसले मी. कुठनं उगवलास?"

"चूल झाक गं उद्या," तुझा बाप म्हणाला.

"का? गर्जनार का पाईप?"

"नाय. तो आता गर्जत नसतो. उद्या हवा मोजनार हायेत."

"हवा मोजायला माजी चूल कशाला झाकू?"

तुझ्या बापानं इकडेतिकडे पाहिलं. सुनील लोकांच्या मागे उभा होता, आंब्याला टेकून.

"माज्या पोराची परीक्षा हाय," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, रूपाली. सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं. "मी सांगेपर्यंत इंगळ नाय."

चिंधी म्हणाली, "मग तसं सांग की! हवा, हवा काय लावलंयस?" आणि सगळ्यांदेखत आत जाऊन निखाऱ्यांवर राख ओढली.

परीक्षेच्या सकाळी वारा डोंगरावरून उतरला तो धुतल्यासारखा. वरच्या अंगाच्या यंत्रातली रेघ भाताच्या बांधासारखी सरळ. सुनीलनं वरची हवा मोजली, खालची मोजली, एकेका जोडापाशी जाऊन गळती शोधली. त्याचा आकडा आणि बाहेरच्या माणसांचा आकडा शेजारी शेजारी ठेवले, तर जुळले. त्यांच्यातल्या एकानं त्याच्या खांद्यावर थोपटून सांगितलं, पुढच्या महिन्यापासून लाईनीवर. तुझा बाप हे सगळं कुंपणाबाहेरून बघत होता. आत ये म्हटलं तर म्हणाला, "बिडी हाय खिशात." आणि खिसा रिकामा होता, मी पाहिलाय.

मग सुनील स्वतः गेटाशी गेला. दोघं आत आले. पिवळ्या व्हॉल्वापाशी पोरानं बापाच्या डोळ्याला कॅमेरा लावला. तुझा बाप कितीतरी वेळ बघत राहिला. "काय दिसतंय?" मी विचारलं. "काय नाय," तो म्हणाला. "काय नाय म्हनजे चांगलं ना रं?" सुनील म्हणाला, "हो बाबा. चांगलं." मग तुझा बाप कठड्याला पाठ टेकून जरासा बसला, त्याच्या नेहमीच्या बाजूला, माझी जागा मोकळी सोडून.

काम आटोपलं. मॅडम यंत्रं आवरत होत्या. तुझ्या चाचीच्या भाकऱ्या घेऊन टेंपो येतच होता. तुझा बाप कधी उठून गेला, कुणाला कळलं नाही. एवढ्यात मॅडम म्हणाल्या, "चाचा, हे बघा. वरच्या अंगाची रेघ चढतेय. सुनील, कुठली गळती आहे बघ."

सुनीलनं यंत्राकडे पाहिलंच नाही. वर वाडीकडे पाहिलं. पाच वर्षं कुलूप लावून ठेवलेल्या तुमच्या घराच्या कौलांतून धूर निघत होता.

"गळती नाय, मॅडम," तो म्हणाला. "आमची चूल हाय."

पडद्यावर रेघ थोडी थांबली. मग वाडीनं तो धूर पाहिला असावा, कारण ती परत चढली, आणि चढतच गेली.

ईदेचा डबा सोबत पाठवतोय. करवंदं तुझ्या बापानं स्वतः भरलीत, वर मिठाची पुडी त्याचीच. त्याचे दोन शर्ट, चादर आणि चष्मा पाठव. आज सकाळी मी वर गेलो तेव्हा तो चूल फुंकत बसला होता आणि फोन वाजत होता. शेलूच्या सोसायटीचा. गेटावर ड्युटीला कधी येताय, विचारत होते. त्यानं फुंकणी खाली ठेवली, घसा साफ केला आणि म्हणाला, "राँग नंबर हाय, सेक्रेटरीसाहेब."

तुझा,
मोहियुद्दीन चाचा